चार फरश्यांचं उक्तं

३ नोव्हेंबर, सोमवार. सकाळी ७.१०

आजपासून रोज लिहिणार. कारण गंभीर आहे. आमच्या फरशी कारागिरांच्या ग्रुपने एकमताने (मी धरून नऊ मतं; बाकी अठ्ठावन्न जणांनी मेसेज नुसता पाहिला) माझ्यावर जबाबदारी टाकली आहे: लहान आणि अडचणीच्या कामांचं दरपत्रक करायचं.

मोठ्या कामाला भाव आहे. हॉल, बेडरूम, पार्किंग, सगळं फुटावर. पण न्हाणीतल्या दोन फरश्या निघाल्या, संडासाच्या भांड्याभोवती गोल कापायचं आलं, जिन्याखाली वाकून स्कर्टिंग लावायचं आलं, की लातुरात भावच नाही. गिऱ्हाईक म्हणतं, एवढंसं तर काम. मिस्त्री म्हणतो, द्या काय द्यायचं ते. अर्धा दिवस जातो आणि चहा मिळतो.

हे काम मीच करू जाणे. मठाच्या पाठशाळेत आठ वर्षं व्याकरण शिकलेला फरशी मिस्त्री अख्ख्या लातुरात दुसरा नाही. बायकोला हे सांगितलं. वर्षाराणी म्हणाली, असता तर तो शहाणा निघून मास्तर झाला असता. ती पिको-फॉल करते, ब्लाउज अल्टर करते. तिला दरपत्रकाचं तत्त्व कळणार नाही.

संकल्प: (१) महिनाअखेर दरपत्रक पूर्ण. (२) जागा पाहिल्याशिवाय एकही लहान काम घ्यायचं नाही. (३) दिवसाला दोनच चहा.

सकाळी ११.३०

रत्नम्मांचं काम घेतलं. फोनवर.

पण यात संकल्प मोडला असं होत नाही. रत्नम्मा गोलाई बाजारामागच्या गल्लीत एकट्या राहतात, पंच्याहत्तरीच्या आहेत, आणि मला स्वामी म्हणतात. आम्ही जंगम. लोक आधी पाया पडतात आणि मग भाव पाडतात. रत्नम्मांनी भावही पाडला नाही. न्हाणीत जाळीपाशी चार फरश्या खचल्यात म्हणाल्या. मुलगा सिद्धेश्वर नांदेडला नोकरीला. तो म्हणतो, आई, तू एक दिवस तिथं पडशील, घर विकू, नांदेडला चल. महिनाअखेरीस बघायला येणार आहे. न्हाणी नीट दिसली तर ठेवीन, नाही तर नेईन, असं त्याचं बोलणं. रत्नम्मांना जायचं नाही. तिथं मला दुपारी कोण बोलतंय, भिंत? असं विचारत होत्या.

म्हटलं, निश्चिंत राहा. अठराशे. मालासकट. उक्तं.

४ नोव्हेंबर, मंगळवार

उक्तं या शब्दावर थोडं लिहून ठेवतो, दरपत्रकाच्या प्रस्तावनेला उपयोगी पडेल.

आमच्या धंद्यात काम तीन तऱ्हेनं घेतात. फुटावर, रोजावर आणि उक्तं. उक्तं म्हणजे सगळं मिळून एकच आकडा ठरवायचा. हे सगळ्यांना माहीत आहे. पण ते संस्कृत आहे हे फक्त मला माहीत आहे. वच् धातू, क्त प्रत्यय: उक्तम्, म्हणजे बोललं गेलेलं. हा प्रत्यय भूतकाळाचा. एकदा लागला की गोष्ट होऊन गेली. बाकीचे मिस्त्री उक्तं घेतात आणि तिसऱ्या दिवशी मान खाजवत वाढवून मागतात. हा व्याकरणदोष आहे. वीस वर्षांत मी एकदाही केलेला नाही.

(वर्षाराणी म्हणाली, म्हणूनच स्कूटर तीच आहे.)

आज किशनला घेऊन गेलो. किशन उमरीचा. अकरा वर्षं माझ्या हाताखाली आहे, वयाने माझ्याहून दोन वर्षं मोठा, बोलायला महाग. न्हाणी पाच बाय सहा. चार फरश्या मी मोजल्या, चारच भरल्या. किशन मात्र छिन्नीची मागची बाजू घेऊन सगळीकडे ठोकत बसला. म्हणाला, स्वामी, आवाज बद बद येऊन राहिला. चार फरश्यांखाली न्हाई, समद्या न्हाणीत.

त्याला समजावलं की शब्द हा आकाशाचा गुण आहे. आकाश सगळीकडे असतं, फरशीखालीही थोडं असणारच. किशन म्हणाला, आकाश वर असलं तर बरं असतंय. खाली असलं तर पाय जातो.

शिक्षण नसलं की उपमा अशा बोजड होतात.

५ नोव्हेंबर, बुधवार. संध्याकाळी

चारही फरश्या बसल्या. लेव्हलपट्टीचा बुडबुडा बरोबर मध्ये. रत्नम्मांनी दारातून वाकून पाहिलं आणि म्हणाल्या, आता लगीनघर दिसायलंय. मी म्हणालो, फरशी पक्की आहे. त्या म्हणाल्या, स्वामी म्हणले मंजी पक्कीच की. पैसे लगेच द्यायला लागल्या. म्हटलं, सिद्धेश्वर पाहून जाऊ दे, मग.

दरपत्रक, कलम १: चार फरश्या म्हणजे चार फूट नव्हेत. जाणं-येणं, कटर नेणं-आणणं, जुनी फोडताना शेजारची फुटणं, जुन्या रंगाची मिळण्यासाठी चार दुकानं फिरणं, हे सगळं त्यात आलं. म्हणून लहान कामाला किमान दर असावा.

लिहून झाल्यावर मन प्रसन्न. माझ्या किमान दराप्रमाणे आजचं काम बावीसशेचं होतं. हरकत नाही. दरपत्रक अजून लागू नाही.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

रत्नम्मांचा फोन. पाणी जाळीकडे न जाता कोपऱ्याकडे चाललंय. गेलो. नवी फरशी दोन सूत खाली. म्हणजे पाव इंच. सिमेंट सुकताना आक्रसतं, त्यामुळे असेल. किशनला सांगितलं. तो म्हणाला, अकरा वर्षं तर आक्रसलं न्हाई.

उचलून पुन्हा बसवली. बुडबुडा मध्ये.

८ नोव्हेंबर, शनिवार

एक सूत. लेव्हलपट्टी खराब झाली असावी. नवी घेतली, साडेचारशेची. नवी पट्टीही एक सूतच दाखवते. दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत.

१० नोव्हेंबर, सोमवार

आज सांध्यात ग्राउट भरलं. चार फरश्यांना अर्धा किलो पुष्कळ. दोन किलो गेलं आणि सांधा भरला नाही. किशन भरत होता, मी बघत होतो. पातळ ग्राउट सांध्यावर पसरायचं आणि हळूहळू नाहीसं व्हायचं. दुसरी पिशवी संपल्यावर किशन थांबला आणि सांध्यावर हाताचा मागचा भाग धरून बसला. मला म्हणाला, हात लावून बघा. लावला. गार हवा येत होती.

गार असणं चांगलं. उन्हाळ्यात उपयोग होईल.

मग एक बादली पाणी ओतून पाहिलं. कोपऱ्यात जमलं आणि गेलं. बाहेर नालीवर रत्नम्मांना उभं केलं होतं. पाणी आलं का, विचारलं. आलं न्हाई, म्हणाल्या. दुसरी बादली ओतली. आलं न्हाई. त्यांनी विचारलं, स्वामी, मग पाणी गेलं कुठं?

मी म्हणालो, सिमेंट पितं सुरुवातीला.

दरपत्रक, कलम २: कामाची वर्गवारी. सरळ, वक्र, अतिवक्र. रत्नम्मांचं काम मी अजूनही सरळमध्ये धरतो.

१२ नोव्हेंबर, बुधवार

न्हाणीचं दार आता पूर्ण लागत नाही. वरच्या बाजूला बोटभर फट, खालच्या बाजूला घासतं. लाकूड फुगलं असेल. हवेत ओल नाही हे खरं. जुनं लाकूड आहे, त्याला आठवण असते.

भिंतीवरच्या टाइलवर केसाएवढी चीर. किशनने खिशातली पेन्सिल काढून चिरेच्या दोन्ही बाजूंना लागून दोन खुणा केल्या आणि शेजारी तारीख घातली. म्हटलं, हे काय? म्हणाला, हजेरी.

घरी वर्षाराणीला सगळं हलक्या आवाजात सांगितलं. ती एका साडीचा काठ उसवत होती. मान वर न करता म्हणाली, माझ्याकडे साधं हुक लावायला आणलं तरी मी आधी ब्लाउज उलटा करून आतली शिवण बघते, मग भाव सांगते. कापड विरलं असलं तर घेतच नाही. तुम्ही फोनवर भाव सांगितला? तुम्हाला फोनमधून शिवण दिसते?

ब्लाउज आणि न्हाणी यांच्यात साधर्म्य नाही, असं मी म्हणालो. ती म्हणाली, दोन्हीत बाई असते.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

किशनच्या दोन खुणांमध्ये आता काडेपेटीची काडी जाते. त्याने घालून दाखवली. मी बघितलं नाही असं केलं, पण दिसली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपारी

लिहायला हात जड आहे, पण लिहायचं ठरवलं आहे.

आज रत्नम्मांनी पोहे केले होते. आम्ही ओट्यावर खात होतो. बोलता बोलता म्हणाल्या, लगीन होऊन आले तवा ह्या घराला नळ न्हवता, मीच आडाचं पाणी शेंदायची. किशनने विचारलं, आड कुठं हाय, मावशी? त्यांनी चमच्याने न्हाणीकडे दाखवलं.

भूकंपाच्या साली आडाचं पाणी गढूळ झालं, ते निवळलंच नाही. सासऱ्यांनी आत जुन्या भिंतीचा मलबा टाकला, वर लाकडं आणि शहाबादी फरशी घातली, आणि जागा वाया जाऊ नये म्हणून तिथंच न्हाणी बांधली. किती खोल होता, किशनने विचारलं. खोल किती ते ठाव न्हाई, पण दोर वीस हाताचा होता आणि उन्हाळ्यात त्याला गाठ मारून वाढवावं लागायचं.

तीस-बत्तीस वर्षं. वर लाकडं.

मी म्हणालो, रत्नम्मा, हे तुम्ही आधी का नाही सांगितलं? त्या माझ्याकडे जरा आश्चर्यानं बघत म्हणाल्या, तुम्ही फरश्या मोजल्यात. खाली काय हाय म्हणून इचारलं कुठं? मला वाटलं, स्वामींना ठाव असंल.

किशनचे पोहे तसेच राहिले.

१५ नोव्हेंबर, शनिवार

हिशोब करून पाहिला, नुसता माहितीसाठी. न्हाणी पूर्ण फोडणं, आड उघडणं, मुरूम भरून दाबणं, सळईचा स्लॅब, मग फरशी. चाळीस हजारांच्या आत होत नाही. सांगायचं म्हणजे, अठराशेत चार फरश्या म्हणालो होतो, त्याचे चाळीस हजार झाले. शिवाय पक्की म्हणालो होतो, ती पक्की नाही. म्हणजे एकाच वाक्यात दोन क्त प्रत्यय मागे घ्यायचे, उक्तं आणि पक्की (मूळ पक्व, पच् धातू).

शक्य नाही.

दुसरा उपाय सुचला. एक मोठी कडप्प्याची लादी आडवी टाकायची, तिची टोकं भिंतीत घुसवायची, वर फरशी. खर्च माझा. शब्द राहतो. किशनला सांगितलं. तो न्हाणीत पाऊल ठेवायला तयार नाही. दारातच उभा राहून म्हणाला, स्वामी, उक्तं मंजी कामाचं बोलणं. आडाचं थोडंच बोलला तुम्ही?

आणि मग अकरा वर्षांत पहिल्यांदा त्याने मला तारीख दिली. हिमायतनगरला शाळेचं काम लागलंय, आठवडाभर तिकडं चाललो. रविवारी सुट्टी. तेवीस तारखेपस्तोर मावशीला सांगा. न्हाई सांगितलं तर मी येऊन सांगतो.

सांगतो म्हणालो. सांगतो असं बोललं, की अर्धं सांगून झाल्यासारखंच आहे.

१७ नोव्हेंबर, सोमवार

लादी एकट्याने बसवली. भिंतीत टोक घुसवताना आत काहीतरी सुटलं आणि खाली गेलं. मी कान देऊन थांबलो. बऱ्याच वेळानं आवाज आला. पाण्याचा नव्हता.

वर फरश्या. बुडबुडा मध्ये.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

बुडबुडा मध्येच. चोवीस तास! दरपत्रक, कलम ३: अनुभवी कारागिराच्या बुद्धीचा वेगळा आकार लावावा.

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज रत्नम्मांना सगळं सांगायला गेलो.

शेजारच्या नीलम्मा आलेल्या होत्या. रत्नम्मा त्यांना न्हाणी दाखवत होत्या, आत उभं करून. मी दारातून म्हणालो, एका वेळी एकच बरं. दोघी हसल्या. नीलम्मा म्हणाल्या, स्वामी, न्हाणी हाय का देऊळ, एकेकानं दर्शन घ्यायला?

रत्नम्मांनी मुलाला फोन करून टाकलाय की मी येत नाही. भरून ठेवलेली ट्रंक रिकामी केली. लुगडी परत कपाटात लावली, ती मला उघडून दाखवली. समोरच्या भिंतीला चुना दिला. मला चहा दिला, वर दुधाची साय. दिवसातला पाचवा.

चहा प्यालो. म्हणालो, रत्नम्मा, आंघोळीला जरा कडेला बसत जा.

कुठल्या कडेला?

भिंतीकडच्या.

त्यांनी विचारलं, का? मी म्हणालो, मधली फरशी नवी आहे, तिला जरा मुरू द्या. त्यांनी मान डोलावली आणि नीलम्मांना अभिमानानं म्हणाल्या, असं सांगणारा मिस्त्री कुठं भेटतो?

सांगितलं असं म्हणता येईल. आशय पोचला.

२० नोव्हेंबर, गुरुवार. पहाटे ५.०५

आत्ता त्या आंघोळीला बसल्या असतील. त्यांची वेळ पाचची.

५.३०

फोन नाही. म्हणजे ठीक.

५.४०

किंवा फोन बाहेरच्या खोलीत असतो.

५.५५

स्वतःच फोन केला. त्यांनी उचलला. काय स्वामी, एवढ्या पहाटे? मी म्हणालो, सहज. त्या म्हणाल्या, तुम्ही सांगितलं तसं कडेला बसले. स्टुलाचा एक पाय मात्र सारखा खाली बसतोय, बदलून घेते.

२१ नोव्हेंबर, शुक्रवार

ग्रुपवर विचारणा: दरपत्रक कुठवर आलं? लिहिलं, अंतिम टप्प्यात.

पहाटे पुन्हा फोन केला. रत्नम्मा म्हणाल्या, स्वामी, तुम्हाला कसली काळजी लागलीय? मी म्हणालो, कुठे काय.

जेवण गेलं नाही. वर्षाराणीने ताट उचललं आणि विचारलं, त्या बाईला सांगितलं का? मी म्हणालो, आशय पोचवला आहे. ती म्हणाली, आशय पोचवू नका, आड पोचवा.

२२ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळी

सिद्धेश्वर नांदेडहून आजच आला, महिनाअखेरची वाट न बघता. फोनवर म्हणाला, उद्या सकाळी घरी या, पैसेही देतो आणि थोडं बोलायचंय. आवाज चांगला होता. त्याला न्हाणी आवडली असणार.

उद्या पैसे घेतल्यावर सांगेन. पैसे घेण्याआधी सांगितलं तर वाढवून मागतोय असं वाटेल.

२३ नोव्हेंबर, रविवार. दुपारी

सकाळी नऊला गेलो. रत्नम्मा, सिद्धेश्वर आणि मी, तिघेच. सिद्धेश्वर सौम्य माणूस निघाला. भांडायला आला असता तर मला सोपं गेलं असतं.

म्हणाला, स्वामी, मला बांधकामातलं कळत नाही. दार लागत नाही, भिंतीला चीर आहे, एवढं मला दिसलं. पण आई म्हणते स्वामींनी पक्की म्हणून सांगितलंय, आणि तिचा तुमच्यावर माझ्याहून जास्त विश्वास आहे. मला वाद नको. तुम्ही एका ओळीत लिहून द्या की न्हाणीची फरशी पक्की आहे, खाली सही करा. मी आजच्या गाडीनं परत जातो आणि घर विकायचा विषय पुन्हा काढत नाही. आई इथंच राहील.

कागद पुढे केला. पेन दिलं.

रत्नम्मा माझ्या शेजारी येऊन बसल्या. म्हणाल्या, लिवा स्वामी. लिवा म्हणजे ह्याचं तोंड बंद.

तारीख लिहिली. गाव लिहिलं. श्रीमती रत्नम्मा यांच्या राहत्या घरातील न्हाणीची फरशी, इथवर लिहिलं. अक्षर चांगलं आलं होतं. पुढचा शब्द दोन अक्षरांचा. तोंडाने मी तो किती वेळा म्हणालो असेन.

पेन टेकवून बसलो. शाईचा ठिपका मोठा झाला.

रत्नम्मांनी कागद ओढून घेतला, बोट ठेवून हळूहळू वाचला. फरशी या शब्दापाशी बोट थांबलं. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, स्वामी, आज सकाळी मी तिथं बसले होते.

एवढंच म्हणाल्या.

मग सांगितलं. आड, लाकडं, ग्राउट, लादी, सगळं. सिद्धेश्वर उठून न्हाणीपर्यंत गेला आणि दार लागेल तेवढं ओढून आला.

तेवढ्यात किशन आला, हिमायतनगरच्या गाडीनं, कपड्यांवर अजून सिमेंट. माझ्याकडे एकदा बघितलं, सांगून झालंय हे त्याला कळलं. न्हाणीच्या दारात बसून हात लांब करून छिन्नीनं दोन ठिकाणी ठोकलं. माझ्या लादीच्या मध्यावर ठोकलं तेव्हा सांध्यातली ग्राउटची पट्टी सबंधच्या सबंध आत गेली. सिद्धेश्वरने आईचा दंड धरला.

रत्नम्मांनी किशनला विचारलं, भरून निघंल का हे? किती लागतील?

किशन म्हणाला, मावशी, उघडल्याबिगर सांगता येत न्हाई. रोजावर करतो. जेवढे दिस लागतील तेवढे.

रत्नम्मा म्हणाल्या, बरं.

मी तिथंच होतो. आकडा नाही, मुदत नाही, आणि त्या बरं म्हणाल्या.

मग त्यांनी ट्रंक पुन्हा भरली. लुगडी फार नव्हती. जाताना त्यांनी किशनला विचारलं, मी परत येईन का रे इथं? किशन म्हणाला, तेबी उघडल्यावरच कळंल. त्याला पण त्या बरं म्हणाल्या. कमरेची किल्ली काढून त्याच्या हातात दिली. माझ्या पाया पडल्या, नेहमीसारख्या. मला पाय मागे घ्यायला जागा नव्हती.

मायलेक नांदेडला गेल्यावर किशन आत मोजमाप करत बसला, मी ओट्यावर. मनात मी आकडा काढून ठेवला होता. एकेचाळीस हजार पाचशे, मालासकट.

कुणी विचारलाच नाही.